प्रयोगाचे बिल रुग्णाच्या नावावर नको

कॅन्सर झालेल्या घरात पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी न बोलावता येतात. नातेवाईक आणि सल्ले. चाचा सांगतात, अमुक गावच्या वैद्याकडे जा, त्याच्या पुडीने तिघे बरे झाले. शेजारची खाला कलौंजीचे तेल आणून ठेवते. घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी या दोघांचेही ऐकून घेते आणि रात्री सगळे झोपल्यावर मोबाईल हातात घेते. मग तिला काहीतरी आधुनिक सापडते. सोन्याचे कण गाठीत शिरून तिला आतून जाळतात. डीएनएपासून बनवलेले रोबो रक्तातून फिरत कॅन्सरच्या पेशी शोधतात. औषध फक्त गाठीवर जाते, बाकी शरीराला धक्का नाही. या सगळ्याला एकच नाव असते, नॅनो.

हा लेख रात्री मोबाईल घेऊन बसणाऱ्या त्या मुलासाठी आणि मुलीसाठी आहे. चाचांच्या पुडीवर शंका घ्यायला आपण शिकलो आहोत. इंग्रजीत लिहिलेल्या, चकचकीत ॲनिमेशन असलेल्या आशेवर शंका घ्यायला आपण अजून शिकायचे आहे.

आधीच सांगतो, नॅनोतंत्रज्ञान थोतांड नाही. त्यातून खरी औषधे आली आहेत आणि आणखी येतील. पण सिद्ध झालेला उपचार आणि चालू असलेला प्रयोग यांच्यात एक रेष आहे. विज्ञान न शिकलेल्या माणसालाही ती ओळखता येईल अशी एक खूण आहे, आणि ती पैशात आहे. जो तुमच्यावर प्रयोग करतो, त्याने त्या प्रयोगाचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नसतात. ते पैसे मागितले की समजावे, इथे विज्ञान थांबले आणि दुकान सुरू झाले.

नॅनो औषध तुम्ही आधीच पाहिले आहे

एक नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा एक अब्जावा भाग. माणसाचा केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ हजार नॅनोमीटरची. नॅनो औषधांचे कण बहुधा शंभर नॅनोमीटरच्या आसपास असतात.

२०२१ च्या मे महिन्यातली काळी बुरशी आठवा. म्युकरमायकोसिसच्या रुग्णांचे नातेवाईक एका इंजेक्शनसाठी शहरभर फिरत होते. त्याचे नाव लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन. मूळचे ॲम्फोटेरिसिन हे जुने औषध, बुरशी मारणारे, पण मूत्रपिंडाला मोठी इजा करणारे. तेच औषध चरबीच्या अतिसूक्ष्म गोळीत बंद केले की मूत्रपिंडाचा त्रास कमी होतो. ती गोळी म्हणजे लायपोसोम, आणि तेच नॅनोतंत्रज्ञान. औषध जुनेच, डबा नवा.

कॅन्सरमध्ये हा डबा त्याच्याही खूप आधी आला. डॉक्सोरुबिसिन नावाचे लाल रंगाचे केमोचे औषध आहे. ते गाठीवर चांगले काम करते, पण एका मर्यादेपलीकडे दिले तर हृदयाच्या स्नायूला इजा करते. ते लायपोसोममध्ये भरून केलेल्या डॉक्सिल या औषधाला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली. २००५ मध्ये ॲब्रॅक्सेन आले. त्यात पॅक्लिटॅक्सेल हे जुने औषध अल्ब्युमिन या रक्तातल्याच प्रथिनाला जोडून कण बनवले आहेत. त्यामुळे पॅक्लिटॅक्सेल विरघळवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आणि ॲलर्जी आणणाऱ्या तेलकट द्रावणाची गरज उरली नाही.

यात भारताचाही वाटा आहे. डॉक्सिल अमेरिकेत ओहायोतल्या एका कारखान्यात बनत असे. २०११ मध्ये तिथले उत्पादन बंद पडले आणि अमेरिकेतल्या रुग्णांना औषध मिळेना. तेव्हा २०१२ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचे लिपोडॉक्स आयात करायला तात्पुरती परवानगी दिली. म्हणजे नॅनो औषध केवळ परदेशात मिळते, आणि ते मिळवायला घर विकावे लागते, हा समज चुकीचा आहे. यातली सिद्ध झालेली औषधे इथे बनतात आणि इथल्या कॅन्सर रुग्णालयांत दिली जातात. गरज असेल तर तुमचे डॉक्टरच ती लिहून देतील.

फायदा किती?

जाहिरातीत नॅनो औषध गाठ नाहीशी करते. चाचण्यांचे निकाल काय सांगतात ते पाहू.

पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये डॉक्सिल आणि साधे डॉक्सोरुबिसिन यांची थेट तुलना करणारी ५०९ स्त्रियांची चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. आजार रोखण्यात दोन्ही औषधे सारखीच निघाली. डॉक्सिलने हृदयाची इजा बरीच कमी केली. पण हातापायांचे तळवे लाल होऊन सोलण्याचा त्रास डॉक्सिल घेणाऱ्या १०० पैकी ४८ जणींना झाला, साध्या औषधावर तो २ जणींना झाला होता. एक त्रास घटला, दुसरा वाढला. हृदय आधीच कमजोर असलेल्या बाईसाठी हा सौदा फार मोलाचा आहे. पण याला चमत्कार म्हणता येणार नाही.

स्वादुपिंडाचा कॅन्सर सर्वात अवघड समजला जातो. पसरलेल्या आजारात नेहमीच्या औषधासोबत ॲब्रॅक्सेन दिल्यावर काय होते, ते ८६१ रुग्णांवर तपासले गेले आणि निकाल २०१३ मध्ये आला. मध्यम आयुर्मान ६.७ महिन्यांवरून ८.५ महिन्यांवर गेले. एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण २२ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर गेले. ज्याच्या घरी हा आजार आला आहे त्याला या महिन्यांची किंमत कळते, मी त्यांना क्षुल्लक म्हणणार नाही. पण 'नॅनोने स्वादुपिंडाचा कॅन्सर बरा होतो' हे वाक्य या आकड्यांतून निघत नाही.

हाफ्नियम ऑक्साइडचे कण गाठीत टोचून मग रेडिएशन द्यायचे, म्हणजे त्या जागी किरणांचा परिणाम वाढतो, अशीही एक पद्धत आहे. मऊ ऊतींच्या सार्कोमावर तिची चाचणी झाली. २०१९ च्या निकालात शस्त्रक्रियेच्या वेळी गाठीतल्या जवळपास सर्व पेशी मेलेल्या आढळल्या अशा रुग्णांचे प्रमाण ८ टक्क्यांवरून १६ टक्के झाले. दुप्पट, हे खरे. पण १०० पैकी ८४ जणांत तसे झाले नाही, हेही तितकेच खरे.

मला सर्वात आशादायक वाटते ती लसीची वाट. कोविडच्या एमआरएनए लसी चरबीच्या नॅनोकणांत भरून दिल्या गेल्या. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने बनवलेल्या अशाच लसीला भारतात जून २०२२ मध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली. आता हेच तंत्र कॅन्सरसाठी वापरून पाहिले जात आहे. रुग्णाच्या स्वतःच्या गाठीचा जनुकीय तपशील वाचून त्याच्यापुरती लस बनवायची. मॉडर्ना आणि मर्क यांच्या अशा लसीची १५७ मेलानोमा रुग्णांवर चाचणी झाली. शस्त्रक्रियेनंतर नेहमीच्या इम्युनोथेरपीसोबत लस घेतलेल्यांत आजार परतण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी दिसला. पण ही मधल्या टप्प्याची, लहान चाचणी होती. म्हणूनच तिच्यानंतर मोठ्या चाचण्या सुरू झाल्या.

'माझ्या मशीनवर तर चालतंय'

सॉफ्टवेअरवाल्यांत एक विनोद जुना आहे. ग्राहक तक्रार करतो की प्रोग्रॅम बंद पडला, आणि डेव्हलपर म्हणतो, 'माझ्या मशीनवर तर चालतंय.' कॅन्सरच्या संशोधनात ती मशीन म्हणजे उंदीर.

प्रयोगशाळेतला उंदीर २० ग्रॅमचा असतो. त्याच्यात वाढवलेली गाठ एक ग्रॅमची धरली, तर त्याच प्रमाणात ६० किलोच्या माणसात ती तीन किलोची होईल. काही आठवड्यांत भराभर वाढवलेल्या अशा गाठीच्या रक्तवाहिन्या फार गळक्या असतात, त्यातून नॅनोकण सहज आत झिरपतात. माणसाची गाठ वर्षानुवर्षे वाढलेली असते. तिच्या वाहिन्या एका भागात गळक्या आणि दुसऱ्या भागात घट्ट असतात. एका रुग्णाची गाठ दुसऱ्यासारखी नसते.

'औषध नेमके गाठीवर जाते' हे वाक्य तर फारच जपून वापरायला हवे. कॅनडातल्या टोरंटो विद्यापीठातल्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतले प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला. प्राण्यांच्या शरीरात टोचलेल्या नॅनोकणांपैकी घट्ट गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे मध्यम प्रमाण निघाले ०.७ टक्के. म्हणजे १००० कण टोचले तर ७ गाठीत गेले. उरलेल्यांपैकी पुष्कळ कण यकृत आणि प्लीहा अडवतात, कारण रक्तातली परकी वस्तू गाळून काढणे हे त्यांचे कामच आहे. साधे केमो औषधही सगळे गाठीत जात नाही, त्यामुळे हा आकडा ऐकून हे तंत्र निकामी ठरवायचे कारण नाही. पण नेम धरून मारलेल्या बाणाचे जे चित्र आपल्याला दाखवले जाते, त्याच्याशी हा आकडा जुळत नाही.

डीएनएच्या रोबोंची बातमी २०१८ ची आहे. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी आणि चीनमधल्या संशोधकांनी डीएनएची चादर गुंडाळून नळी केली, तिच्यात रक्त गोठवणारे थ्रॉम्बिन ठेवले. गाठीच्या रक्तवाहिनीत गेल्यावर नळी उघडते, रक्त गोठते, गाठीचा पुरवठा तुटतो. कल्पना विलक्षण आहे. गाठी आक्रसल्या त्या उंदरांच्या. पण बातमी आपल्या फॅमिली ग्रुपवर येईपर्यंत त्यातला उंदीर गळून पडलेला असतो.

मोठी नावे असली म्हणजे यश ठरलेलेच, असेही नाही. एमआयटीचे रॉबर्ट लँगर आणि हार्वर्डचे ओमिद फारोखजाद हे या क्षेत्रातले पहिल्या रांगेतले शास्त्रज्ञ. त्यांनी उभ्या केलेल्या बाइंड थेराप्युटिक्स या कंपनीचे गाठ ओळखणारे नॅनोकण प्राण्यांमध्ये फार चांगले ठरले. माणसांवरच्या चाचण्यांत अपेक्षित परिणाम दिसला नाही. २०१६ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि तिची मालमत्ता फायझरने विकत घेतली. यात कुणी फसवणूक केली नव्हती. त्यांनी प्रामाणिकपणे चाचणी घेतली आणि तिचे उत्तर 'नाही' आले. चाचणी त्यासाठीच असते.

धोके

लायपोसोमच्या औषधांत पहिल्या सलाईनच्या वेळीच छातीत दाब, चेहरा लाल होणे, धाप लागणे अशी प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणून ती देखरेखीखाली, हळूहळू द्यावी लागतात. सोने किंवा इतर धातूंचे कण शरीरात दीर्घकाळ राहू शकतात. कणाचा आकार, त्यावरचे आवरण किंवा विद्युतभार थोडा बदलला तरी शरीरातले वागणे बदलते. म्हणून एका बॅचसारखी दुसरी बॅच बनवणे हेच या औषधांचे सर्वात अवघड काम असते.

आणखी एक धोका प्रयोगशाळेत दिसला आहे. २०१९ मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले की टायटॅनियम डायऑक्साइड, सोने यांसारखे काही नॅनोकण रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या फटी रुंद करतात, आणि उंदरांमध्ये त्या फटींतून स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी बाहेर पडायला आणि दुसरीकडे रुजायला मदत झाली. हेही उंदरांतलेच निरीक्षण आहे. उंदरांवरचा फायदा माणसांना जसाच्या तसा लागू होत नाही, तसा तोटाही होत नाही. पण गाठ मारायला निघालेला कण चुकीच्या जागी आजार पसरवायला हातभार लावू शकतो, एवढी शक्यता असताना देखरेखीविना तो कुणाच्याही शिरेत सोडणे हा गुन्हाच आहे.

माझ्या कामात चुकीचा कोड गेला तर आम्ही दहा मिनिटांत जुनी आवृत्ती परत आणतो. शरीरात ती सोय नाही.

दुकान कसे ओळखावे

माझ्या एका मामूंना गालाचा कॅन्सर निघाला. बायोप्सी झाली, शस्त्रक्रियेची तारीख ठरली. त्याच आठवड्यात कुणाच्या तरी ओळखीने दुसऱ्या शहरातल्या एका दवाखान्याचा फोन आला. कापाकापी नाही, चेहरा बिघडणार नाही, नॅनो थेरपीची सहा इंजेक्शने, चार लाख रुपये, निम्मे आधी. मामूंना सर्वात मोठी भीती चेहऱ्याचीच होती आणि समोरच्याने नेमके त्यावरच बोट ठेवले होते. मामी दागिने मोडायला तयार झाल्या होत्या.

मी फोनवर तीन प्रश्न विचारले. औषधाचे नाव काय? त्याला परवानगी कुणी दिली? चाचणी असेल तर नोंदणी क्रमांक काय? पहिल्याचे उत्तर 'आमचा स्वतःचा फॉर्म्युला आहे' असे आले. दुसऱ्याचे 'परदेशात मान्य आहे'. तिसऱ्यावर फोन ठेवला गेला. मामूंची शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली, नंतर रेडिएशनही झाले. तोंड पूर्वीइतके उघडत नाही, भाकरी भिजवून खातात. दुकानाच्या गल्ल्यावर मात्र रोज सकाळी तेच बसतात.

सगळ्यांच्या घरी असे होत नाही. अशा फोनमुळे लोकांचे फक्त पैसे जात नाहीत, वेळ जातो. शस्त्रक्रिया होऊ शकणारी गाठ तीन महिन्यांत शस्त्रक्रियेपलीकडे जाऊ शकते. कॅन्सरमध्ये सर्वात महाग वस्तू तीच आहे.

कॅन्सर बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात आपल्या देशात बेकायदा आहे. १९५४ च्या औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबद्दलच्या कायद्याच्या यादीत कॅन्सरचे नाव आहे. म्हणजे अशी जाहिरात दिसली की ती खरी की खोटी हा प्रश्न नंतर येतो. ती करणाराच कायदा मोडतो आहे.

तुमचे हक्क

भारतात औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियम आहेत. त्याच वर्षी नॅनो औषधांच्या मूल्यमापनाची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वेही केंद्राने जाहीर केली. त्यातले सामान्य माणसाने लक्षात ठेवायचे एवढेच.

पहिले, चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असली पाहिजे. २००९ पासून ती सक्तीची आहे. नोंदवही ऑनलाइन आहे, कुणालाही फुकट पाहता येते. औषधाचे किंवा रुग्णालयाचे नाव टाकून पाच मिनिटांत शोधता येते.

दुसरे, चाचणीला नोंदणीकृत एथिक्स कमिटीची मंजुरी लागते आणि संमतीपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत असावे लागते. मराठी किंवा उर्दूत मागा. वाचता न येणाऱ्या रुग्णासाठी निष्पक्ष साक्षीदार लागतो. सही केल्यानंतरही चाचणीतून कधीही बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचा उपचार थांबवता येत नाही.

तिसरे, चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि ठरलेली भरपाई. मृत्यू झाला तर वारसांना भरपाई.

चौथे, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की नेहमीच्या उपचारापलीकडे संशोधनासाठी होणारा खर्च सहभागी रुग्णावर टाकायचा नाही. माझ्या लेखाचे शीर्षक यातूनच आले आहे.

हे हक्क कुणी भेट दिलेले नाहीत. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये मुलींना एचपीव्ही लस देण्याचा एक प्रकल्प झाला. आंध्रमध्ये वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डन आणि मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. लस वाईट नव्हती, ती गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी चांगली लस आहे आणि आपल्या मुलींना ती द्यायला हवी. वाईट होती ती गरिबाची संमती गृहीत धरण्याची सवय. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने औषध चाचण्यांतल्या अशा प्रकारांविरुद्ध २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि त्यानंतर नियम कडक होत गेले. कागदावरचा हक्क मागणारा कुणी नसेल तर तो कागदावरच राहतो.

'मरणाऱ्या माणसाला अडवणारे तुम्ही कोण?'

हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे आणि तो हलका नाही. डॉक्टरांनी 'आता काही उरले नाही' म्हटले असेल, तर माणसाने शेवटचा प्रयत्न का करू नये?

करावा. पण जिथे त्याचा प्रयत्न मोजला जाईल तिथे करावा. नोंदणीकृत चाचणीत गेलेल्या रुग्णाला औषध लागू पडले नाही तरी त्याच्या देहाने दिलेले उत्तर पुढच्या रुग्णाच्या कामी येते. डॉक्सिलपासून आजपर्यंतचे प्रत्येक औषध अशा अनाम माणसांच्या खांद्यावर उभे आहे. दवाखान्याच्या बंद खोलीत चार लाखांचे इंजेक्शन घेतलेल्या माणसाचा कुठेच हिशोब राहत नाही. तो वाचला तर जाहिरात होते, गेला तर नशीब होते. आणि 'काही उरले नाही' याचा अर्थ गाठ जाणार नाही एवढाच असतो. वेदना कमी करणे, श्वास सुसह्य करणे, घरी शांतपणे राहू देणे, हे उरतेच. पॅलिएटिव्ह केअरचा विभाग मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत असतो, त्याची चौकशी करायला आपण लाजतो.

दुसरा आक्षेप असा की चाचण्यांत आपल्यासारख्यांचाच गिनिपिग होतो. भीती खरी आहे, तिला इतिहास आहे. पण चाचण्याच नकोत म्हटले तर औषधे दुसऱ्या देशांतल्या शरीरांवर तपासली जातील आणि किंमतही तिथल्या खिशावरून ठरेल. चाचणी आपल्या प्रश्नांची असेल तर काय होते, याची दोन उदाहरणे मुंबईतच आहेत.

टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख स्त्रियांचा बारा वर्षे अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी सिरक्यातल्या आम्लाने, म्हणजे व्हिनेगरने, गर्भाशयमुखाची तपासणी केली. तपासणी झालेल्या गटात त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. या अभ्यासावरही टीका झाली, कारण तुलनेच्या गटातल्या स्त्रियांना ती तपासणी मिळाली नव्हती, आणि तो प्रश्न विचारलाच पाहिजे. दुसरे उदाहरण २०२२ चे. डोके आणि मानेच्या पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये निवोलुमॅब हे महाग इम्युनोथेरपीचे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, स्वस्त गोळ्यांच्या उपचारासोबत दिले गेले. एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्के झाले. हे नॅनो नव्हे. पण आपल्याकडे तंबाखू-गुटख्याने तोंडाचे कॅन्सर घराघरांत नेले आहेत, आणि इथल्या डॉक्टरांनी इथल्या रुग्णाला परवडेल असा प्रश्न विचारला.

नॅनो औषधांकडून माझी मागणी हीच आहे. सार्वजनिक रुग्णालयांत, सार्वजनिक पैशाने, इथल्या आजारांवर उघड चाचण्या व्हाव्यात. निकाल 'नाही' आला तरी छापला जावा.

आपल्या हातात काय आहे

आपल्या मोहल्ल्यात कुणी आजारी पडले की मदत गोळा होते. रमजानमध्ये जकातीतून, एरवी ग्रुपवरच्या क्यूआर कोडवर. ही आपली मोठी ताकद आहे, आणि दुकानदारांना ती ठाऊक आहे. म्हणून पैसे पाठवण्याआधी कागद पाहण्याची पद्धत पाडूया. बायोप्सीचा रिपोर्ट आहे का? उपचार कोणत्या रुग्णालयात, कोणत्या औषधाने? हा सिद्ध उपचार आहे की प्रयोग? प्रयोग असेल तर पैसे कशाचे? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, ते विचारले का? यात संशय घेण्यासारखे काही नाही. दिलेला पैसा आजाऱ्याच्याच कामी यावा, एवढीच खटपट आहे. गोळा झालेला पैसा प्रवासाला, राहण्याला, जेवणाला आणि बुडालेल्या रोजीला लागतो. पुष्कळदा उपचार अर्धवट सुटतो तो यांच्यामुळे.

आणि गल्लीत कुणाच्या तोंडातली जखम तीन आठवडे भरली नसेल, कुणा अम्मीच्या छातीत गाठ लागली असेल आणि ती लाजेने बोलत नसेल, तर तिला तपासणीला घेऊन जा. लवकर सापडलेल्या गाठीवर साधी शस्त्रक्रिया जे करते, ते उशिरा सापडलेल्या गाठीवर कोणताही नॅनोकण आज करू शकत नाही.

घरात इंग्रजी वाचणारे, फॉर्म भरणारे, रिपोर्ट पुढे पाठवणारे आपणच असतो. मोठी माणसे शेवटी आपल्या तोंडाकडे पाहतात. त्या वेळी त्यांना व्हिडिओ दाखवण्याऐवजी औषधाचे नाव, परवानगी आणि नोंदणी क्रमांक विचारणारा एक माणूस घरात असला, तर दागिने कपाटात राहतील आणि शस्त्रक्रियेची तारीख चुकणार नाही.